बाईच्या वाट्याचा बैल

चिआओंच्या भट्टीत घोडे कोण घडवतं हे सगळ्या शीलिंग गावाला ठाऊक होतं, पण तोंडाने कुणी म्हणत नव्हतं. घोड्याच्या पोटाखाली शिक्का उमटायचा तो लायचंगचा. लुओयांगहून माल न्यायला येणारे व्यापारी चहा प्यायचे ते लायचंगच्या अंगणात. आणि मागच्या बाजूला, कड्यात कोरलेल्या बिनखिडकीच्या खोलीत, त्याची थोरली बहीण सूयुन ओल्या मातीच्या घोड्याचा गुडघा अंगठ्याने दाबत बसलेली असायची. कपाळावर आठ्या.

त्या आठ्यांवरून गावात म्हणत, की सूयुन आईच्या पोटातून बाहेर आली तीच सुइणीशी भांडत. ते काही खरं नव्हतं. लहानपणी ती गरीब, गप्प पोर होती. तिला पहिल्यांदा खरा राग आला तो आठ-नऊ वर्षांची असताना, आणि तोही एका मातीच्या घोड्यापायी.

मांगशानच्या माळावर जित्यांपेक्षा मेलेले जास्त. राजे, सरदार, त्यांच्या बायका, सगळ्यांना शतकानुशतकं इथेच पुरलेलं. नांगर जरा खोल गेला की फाळाला काहीतरी पोकळ लागायचं. मेलेल्याला चालायला लागू नये म्हणून घोडा, ओझ्याला उंट, दाराला कुत्रा, ताटाला डुक्कर नि कोंबडी, आणि भुताखेतांना परतवायला शिंगं असलेलं, दात विचकणारं राखणदार जनावर. सगळं मातीचं. म्हातारी माणसं अशा वस्तूला हात लावत नसत. मेलेल्याची चीज घरात आली की मागोमाग मालक येतो, असं म्हणत, आणि सापडेल ते कुदळीने फोडून बांधावर फेकत.

शेतं सपाट करायचं काम निघालं त्या वर्षी सूयुन आजीच्या मागे माती उचलत होती. आजीच्या कुदळीखालून एक घोडा वर आला. त्याच्यावर एक बाई बसली होती. बाई म्हणजे नवरीबिवरी नव्हे. चांगली गालफुगी, केस वर बांधलेले, एका हातात लगाम, आणि मान जरा वळवून कुठेतरी लांब बघत होती. आपण कुठे चाललोय हे हिला कुणी विचारत नसणार, असं तिचं बसणं. पोर बघतच राहिली. तेवढ्यात आजीने कुदळ उलटी केली, मागच्या बाजूने एक घाव घातला, आणि बाई गेली, घोडा गेला, उरली ती खापरं.

"का फोडलंस?" सूयुन ओरडली.

"मेलेल्याचं होतं."

"मग तिचं तिला राहू द्यायचं. आता ती कशावर बसेल?"

आजीने तिच्या पाठीत धपाटा घातला. त्यानंतर दोन दिवस पोर आजीशी बोलली नाही. पण बाईचं ते बसणं तिच्या डोळ्यांत रुतलं ते कायमचं.

बाप कुंभार होता. रांजण, कौलं, भिंतीच्या विटा. पुढे बऱ्याच वर्षांनी काळ फिरला, आणि जी जनावरं फोडून बांधावर टाकली तशीच नवी घडवून द्या, म्हणून शहरातून मागणी येऊ लागली. लोकांना ती दिवाणखान्यात ठेवायची होती. बापाने साचे केले. उंट जमला, कोंबडी जमली, राखणदार तर फारच भयानक जमला. घोडा काही जमेना. साच्यातून धड निघायचा, भट्टीत गेला की पाय वाकायचे आणि बाहेर यायचा तो गुडघे टेकून, माफी मागितल्यासारखा. सूयुन तोवर लग्न होऊन त्याच गावात, वरच्या आळीला दिलेली होती. नवरा ग्वांगशान तीनचाकी टेम्पो चालवायचा. एकदा ती बापाला मदत करायला बसली. तिचा घोडा उभा राहिला. दुसराही राहिला. बापाने तो उजेडात धरून सगळीकडून पाहिला आणि म्हणाला, "घोडा पोरीच्या हातात आहे." मग घोडा खाली ठेवून म्हणाला, "भट्टी पोराची आहे."

पुढच्या साली बाप गेला. ते वाक्य मात्र घरात राहिलं.

आता आईचं सांगायला हवं.

आईला गावात नाव नव्हतं. आधी ती चिआओंची सून होती, मग लायचंगची आई झाली. शीलिंग उंचावर, विहिरीला पाणी लागायचं नाही. पाण्याचा झरा खाली दरीत, आणि तिथून वर यायला बकरीला बरी अशी वाट. आई खांद्यावर दांडी टाकून, दोन्ही टोकांना बादल्या अडकवून, पाणी वर आणायची. घराला पाणी, डुकराला पाणी, आणि सगळ्यांत जास्त नवऱ्याच्या मातीला पाणी. कुंभाराच्या घरात माती पिते ती माणसांच्या चौपट. खांद्यावर तिला लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं, ते मरेपर्यंत गेलं नाही.

त्या घरात पाणी कसं वापरलं जायचं, तर सकाळी एका तसराळ्यात सासरा तोंड धुवायचा, त्याच पाण्यात नवरा, मग मुलं. शेवटी आई. मग ते बाजूला ठेवायचं. संध्याकाळी त्यातच पाय. मग ते डुकराच्या कुंडीत, नाहीतर मातीत. सूयुनच्या हातून एकदा वाटीभर पाणी सांडलं, तर आईने तिला मारलं होतं. आणि मारून झाल्यावर जमिनीवरची ओल फडक्याने टिपून ते फडकं भाजीच्या वाफ्यात पिळलं होतं. पुढे नळ आला. आई तेव्हा म्हातारी झाली होती. तरी ती तोटी एवढीच सोडायची, की पाण्याची धार दोऱ्यासारखी पडायची. सूनबाई चिंगलियन म्हणायची, "आई, अशाने भांडं उद्या भरेल." आई म्हणायची, "उद्या कुठे पळून चाललाय का?"

नव्या वर्षाचे फटाके संपले आणि त्याच थंडीत आई गेली. न्यायचा दिवस ठरला. शवपेटी मधल्या खोलीत, बाहेर अंगणात पांढरे कपडे घातलेली माणसं, कोपऱ्यात सनईवाले शेकोटीला हात शेकत बसलेले. सगळी व्यवस्था तिसरे काका बघत होते. हा बापाचा धाकटा भाऊ. गावात लग्न असो की मयत, कुणी कुठे उभं राहायचं हे काका सांगणार. हातात सिगारेट, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलंय.

दुपारी बाजारगावाहून कागदकाम करणारा म्हातारा फू आला. त्याच्या गाडीवर कागदाचं घर, कागदी पैशांच्या माळा, आणि सगळ्यांत मागे दोऱ्यांनी बांधलेला एक पिवळा बैल. काटक्यांचा सांगाडा, वर कागद, गळ्यात लाल गोंडा, आणि पोट एवढं मोठं की अंगणाच्या दारातून तिरका करून आणावा लागला.

सूयुन शवपेटीशी बसली होती. ती उठून बाहेर आली.

"हा कुणासाठी?"

"तुझ्या आईसाठी," काका म्हणाले. "बाईमाणसाला बैल द्यावाच लागतो."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुला काय ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

काकांनी राख झटकली. चारचौघांत विचारल्यावर सांगणं भाग होतं, आणि त्यांना सांगायला आवडायचंही. "बाई जन्मभर पाणी खराब करते. धुणं, भांडी, अंग धुणं, बाळंतपणं, आणि बाकी बायकांचं जे काही असतं ते. ते सगळं पाणी वर जमा होत असतं. मेल्यावर ते ज्याचं त्याला प्यावं लागतं. बैल दिला की तो पितो, बाई सुटते. आपल्या बापजाद्यांपासून चालत आलंय हे, मी नाही काढलेलं."

"आणि बाप्याला?"

"बाप्याला घोडा. तो स्वार होऊन जातो."

सूयुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती आवाज न चढवता बोलली. ज्यांना तिचा स्वभाव ठाऊक होता ते दोन पावलं मागे सरले.

"काका, तुमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही अंगावर दोन बादल्या ओतून घेतल्यात. मी तेव्हा लहान होते, पण मला आठवतंय. ते पाणी दरीतून कुणी चढवलं?"

"आता हे कशाला?"

"आईने चढवलं. तिचे तेव्हा दिवस भरत आले होते. त्या पाण्यात तुम्ही न्हालात आणि ते पाणी गेलं आईच्या नावावर? धुणं कुणाचं होतं? भांड्यांत जेवलं कोण? बाळंत ती स्वतःच्या हौसेने झाली का? जन्मभर जिने तुमचं उष्टं पाणी तोंडाला लावलं, ती पाणी नासणारी, आणि तुम्ही घोड्यावर."

सनईवाल्यांपैकी कुणीतरी खुसकन हसलं. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"लायचंग," ते म्हणाले, "तुझ्या बहिणीला आवर." लायचंग सुतकाच्या पांढऱ्या टोपीच्या बंदाशी चाळा करत उभा राहिला. तेव्हा काका तिच्याकडे वळले. "हे बघ पोरी. लग्न करून दिलेली लेक म्हणजे घराबाहेर फेकलेलं पाणी. फेकलेल्या पाण्याने माघारी घरात येऊन बोलायचं नसतं."

"असं होय," सूयुन म्हणाली. "म्हणजे हा बैल मलाच प्यायला आणलाय."

आता कुणी हसलं नाही. ती सरळ बैलाजवळ गेली, त्याच्या पोटात बोटं खुपसली आणि या बरगडीपासून त्या बरगडीपर्यंत कागद टराटरा फाडला. आतल्या काटक्या उघड्या पडल्या. फूने डोक्याला हात लावला. सनईवाल्यांनी शेकोटीवरचे हात मागे घेतले. लायचंग एवढंच म्हणाला, "ताई, काय केलंस हे."

"तू गप्प राहण्यात जन्म घालवलास," ती म्हणाली, "आजही राहा."

तेवढ्यात चिंगलियनने येऊन तिच्या दंडाला धरलं. ही लायचंगची बायको. अंगाने बारीक, पण दिवसरात्र कणीक मळून तिच्या बोटांना चिमट्याची पकड आलेली. तिने नणंदेला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"वन्सं, बसा."

"मी बसणार नाही."

"मग उभ्याने ऐका. तो बैल काकांनी नाही सांगितला."

"मग कुणी?"

"आईंनीच."

दाराकडे निघालेली सूयुन तिथेच वळली.

"शेवंतीचे दिवस होते," चिंगलियन म्हणाली. "मी म्हटलं कुठे निघालात, तर म्हणाल्या, जरा पाय मोकळे करून येते. काठी टेकत बाजारगावापर्यंत गेल्या. फूला सांगून आल्या, पोट मोठं कर, साध्या बैलाने माझं भागायचं नाही. अंडी विकून साठवलेले पैसेही त्याच्या हातावर ठेवून आल्या. आणि मला बजावलं, सूयुनला सांगू नकोस, ती चिडेल."

"आईला... ती घाबरत होती?"

"शेवटी शेवटी तेच डोक्यात होतं त्यांच्या. राळ्याची पेज पाजायला गेले की विचारायच्या, बाळंतपणाचं पाणीही धरतात का गं? माझी पाच झाली. त्यातली तीन मुलं तर राहिलीही नाहीत, त्यांचंही धरतात का? मी म्हणायचे, काय माहीत, आई. एकदा म्हणाल्या, जे पाणी डुकराने प्यालं ते तरी वजा करत असतील ना?"

सूयुनने ओट्याचा काठ धरला. बाहेर काकांचा आवाज चढलेला होता, कुणाला तरी ते घराण्याची अब्रू समजावून सांगत होते. समोर परातीत चिंगलियनने भिजवलेल्या कणकेचा मोठा गोळा होता. सूयुनने तो उचलला आणि पाट्यावर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. रडू येत होतं, पण रागाने त्याला वाट मिळत नव्हती. काकांचा राग येऊन येऊन किती येणार, तो जुना होता, सवयीचा होता. आता राग आईचा आला होता. जिने थेंब थेंब टिपून वाफ्यात पिळला, तिने या माणसांचं खरं मानलं. मरायच्या आधीचे महिने तिने कसली आठवण काढली, तर सांडलेल्या पाण्याची. आणि लेकीला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर लेकीने सांगितलं असतं. काय सांगितलं असतं? ती भांडली असती. आईला ते माहीत होतं.

"कणकेने काय केलंय तुमचं," चिंगलियन हळूच म्हणाली. "ठेवा. नूडल्स दगडासारख्या होतील."

सूयुनने गोळा ठेवला. "पिठाची खळ करून दे," ती म्हणाली. "घट्ट."

ती खळीचं भांडं घेऊन बाहेर आली आणि फूशेजारी जमिनीवर बसली. फूने तिच्याकडे न बघता पिवळ्या कागदाचा गुंडाळा पुढे केला. तिने काटक्या सरळ केल्या, एक मोडली होती तिला दोरा गुंडाळला, आणि कागद चिकटवायला सुरुवात केली. हात सवयीने चालत होते. ओल्या मातीच्या घोड्याचं पोट जसं आतून फुगवत आणतात, तसं तिने बैलाचं पोट आणलं. आधी होतं त्याहून ते मोठं झालं.

"चांगलं झालं," फू म्हणाला. "ऑपरेशन झालेलं जनावर जास्त पितं."

"तुम्हाला तिने काय सांगितलं होतं?"

"हेच, की पोट मोठं कर." त्याने कागदाची कड दाबली. "मी म्हटलं, आजी, तुमचं एवढं काय असणार. तर म्हणाल्या, चिआओंच्या घरात माती फार पाणी पिते, ते कुणाच्या नावावर धरलंय कळत नाही, आपण तयारीत असलेलं बरं."

सूयुनने भांडं खाली आपटलं, आणि परत उचलून काम पुरं केलं.

मग ती मागच्या खोलीत गेली. फळीवर वर्ष सरायच्या आधीच्या शेवटच्या भट्टीतला एक घोडा होता. अंग मधाच्या रंगाचं, आयाळ सायीसारखी, पाठीवर हिरवं खोगीर, आणि खोगिरावर कुणी नाही. एक पाय किंचित उचललेला. असा घोडा वर्षातून एखादाच साधतो. एका व्यापाऱ्याने तो बघून ठेवला होता. सूयुनने भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला आईचा निळा एप्रन काढला, त्यात घोडा गुंडाळला आणि तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला.

सनई वाजली. लायचंगने डोक्यावरचं मडकं दारात आपटून फोडलं, तसं शवपेटी उचलली. वाट चढणीची होती. अर्ध्या वाटेत ग्वांगशान बायकोच्या शेजारी आला.

"काय घेतलंयस?"

"घोडा."

"कुठे नेतेस?"

"आईकडे."

पुढचं वळण गेल्यावर त्याने हात पुढे केले. "दे. जड आहे." तिने दिला नाही. तो बाजूने चालत राहिला.

खड्डा चिआओंच्या जुन्या थडग्यांच्या रांगेत, बापाच्या शेजारी खणलेला होता. आधी कागदाचं सामान पेटवलं. घर भर्रकन गेलं. बैलाची शिंगं गेली, गोंडा गेला, पाय गेले, पोट मात्र थरावर थर असल्यामुळे शेवटपर्यंत धुमसत राहिलं. सूयुन त्याच्याकडे डोळे रोखून बघत होती. पी बाबा, ती मनात म्हणाली, जे काय असेल ते पी, आणि एक थेंब ठेवू नकोस.

पेटी खाली गेली. लायचंग आणि आणखी दोघे खड्ड्यात उतरून ती सरळ करत होते. सूयुन काठाशी आली आणि तिने एप्रन सोडला.

"हा आईच्या पायाशी ठेव," ती भावाला म्हणाली.

काका पुढे झाले. "काय आहे ते? घोडा? अगं, तुला वेड लागलंय का? बाईच्या थडग्यात घोडा?"

"बैल दिला ना. तो तिने मागितला होता, तिला मिळाला. हा मी देतेय."

"हे कुठल्या रीतीत बसतं?"

"तुम्ही उभे आहात त्या जमिनीखाली बायका घोड्यांवर बसलेल्या आहेत. तुमच्या बापजाद्यांच्याही आधीच्या. मी एक डोळ्यांनी पाहिली आहे, तुमच्या आईने फोडली ती. तेव्हा रीत मला सांगू नका, काका. तुमच्या रीतीला अजून मिसरूडही फुटलेलं नाही."

"लायचंग," काका म्हणाले, "हे आत गेलं तर मी इथून जाईन. आणि माझ्या दारात परत यायचं नाही."

लायचंग खड्ड्यातून वर बघत होता. चेहऱ्याला माती लागलेली. आधी काकांकडे बघितलं, मग बहिणीकडे. "ताई, आत्ता नको," तो म्हणाला. "लोक बघतायत."

लोक बघतच होते. अख्खा गाव होता.

"बघू देत," सूयुन म्हणाली. "सगळ्यांदेखत सांगते. हा घोडा आत गेला नाही, तर उद्यापासून तुझे घोडे तू घडव. शिक्का तुझाच आहे, तुला जमेलच."

पंधरा वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते असं उघड्या माळावर, आईच्या उघड्या थडग्याच्या काठावर बोललं गेलं. कुणी खोकलं. कुणी पायाने ढेकूळ फोडलं. लायचंगचे कान लाल झाले. त्याच्या डोळ्यांत सूयुनला शरम दिसली, आणि शरमेच्या मागे दुसरंही काहीतरी सरकताना दिसलं. वसंतातली मागणी, आगाऊ घेतलेला विसार, अंगणात चहा पिणारे व्यापारी. त्याने दोन्ही हात वर केले. तिने घोडा त्याच्या हातात दिला. तो वाकला, पेटीच्या पायथ्याशी माती दाबून जागा केली आणि घोडा उभा केला.

काका पाठ फिरवून उतरणीला लागले. त्यांच्यामागे दोघेतिघे गेले. बाकीच्यांनी फावडी उचलली.

जिंकल्यासारखं सूयुनला क्षणभरही वाटलं नाही. शब्द दिला म्हणून तिसऱ्या दिवसापासून ती पुन्हा त्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन बसली. घोडे उभे राहत होते. पूर्वीपेक्षाही चांगले उभे राहत होते, आणि त्याचाच तिला संताप येत होता. घरी आली की भांडी आपटायची. ग्वांगशान म्हणायचा, "झालं ना तुझ्या मनासारखं?" ती म्हणायची, "काय झालं? सौदा झाला. आईच्या मयतावर मी सौदा करून आले."

महिनाभराने लायचंग खोलीत आला आणि उगाच फळीवरची धूळ पुसू लागला.

"ताई, तू बोलत नाहीस."

"घोडे होतायत ना?"

"घोड्यांचं नाही म्हणत मी." त्याने फडकं दुसऱ्या हातात घेतलं. "मी ठेवला ना तो आत? काकांनी दार बंद केलं, तरी ठेवला."

"ठेवलास. कशाला ठेवलास?"

"तू म्हणालीस म्हणून."

"मी म्हणाले म्हणून नाही. घोडे बंद होतील म्हणून. ती आपली आई होती, लायचंग. तिने तुझ्या भट्टीची माती भिजवली, आणि तेही पाणी आपल्या नावावर धरलं. तुला एकदा, फक्त एकदा, घोडा तुझ्या मनाने उचलता आला असता. मी मागे सरले असते. जन्मभर तुझा शिक्का मारून घेतला असता."

लायचंगने फडकं घडी करून ठेवलं. खोटं बोलायचंही त्याला जमलं नाही, एवढं एक त्याच्या बाजूने म्हणता येईल. तो निघून गेला. सूयुनने हातातला घोडा पुरा केला, सुकायला ठेवला. मग आपल्या लाकडी पट्ट्या, तार, आणि अंगठ्याच्या झिजेने खोलगट झालेलं बांबूचं पातं फडक्यात बांधलं आणि घरी गेली. परत गेली नाही.

वरच्या आळीला ग्वांगशानच्या घरामागे टेम्पो ठेवायची जागा होती. तिथे तिने भट्टी लावली. पहिली भट्टी वाया गेली, दुसरी अर्धी गेली. लेक दक्षिणेला कपड्यांच्या कारखान्यात होती, ती फोनवर म्हणाली, "आई, या वयात?" सूयुन म्हणाली, "तुझी आजी या वयात दरी चढत होती." खालच्या भट्टीतून त्या वसंतात उंट बाहेर पडले, कोंबड्या पडल्या. घोडे पुन्हा गुडघे टेकू लागले. व्यापारी आधी लायचंगकडे चहा पिऊन मग वर यायचे. काही येईनात, कारण काकांनी सांगून ठेवलं होतं, की त्या बाईच्या हातचं अपशकुनी. धंदा जेमतेम चालला. तिने घोड्याच्या पोटाखाली स्वतःचं नाव कोरायला सुरुवात केली. शिक्का केला नाही. दरवेळी हाताने कोरायची, आणि इतक्या जोराने कोरायची की ग्वांगशान म्हणायचा, एक दिवस आरपार जाशील.

चिंगलियन मात्र येत राहिली. घरी कळलं तर कळलं, म्हणायची. वर्ष उलटलं, थडगी झाडायचा वसंतातला दिवस आला. दोघी बरोबर माळावर गेल्या. गवत उपटलं, ताजी माती टाकली, वाफवलेले पाव आणि संत्री ठेवली. चिंगलियनने कागदी पैसे पेटवले, आणि काडीने ते हलवता हलवता विचारलं, "वन्सं, बसल्या असतील का हो त्या घोड्यावर?"

सूयुनने ते वर्षभर स्वतःला विचारलं होतं. तिला उत्तर माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "ती कसली बसतेय. जनावर दमेल म्हणून लगाम धरून बाजूने चालत असेल."

चिंगलियनला हसू आलं, मग तिने तोंडाला पदरासारखी बाही लावली. सूयुन हसली नाही. तिने ओंजळभर ढेकळं उचलून थडग्याच्या माथ्यावर जोराने आपटली, एकामागून एक.

"बस ना," ती मातीला म्हणाली. "आता तरी बस. कुणी बघत नाही."

खालून काकांची माणसं फावडी घेऊन आपली थडगी झाडायला येत होती. काका पुढे होते, दम लागलेला, हातात सिगारेट. वाट अरुंद होती. सूयुन त्यांच्यासाठी बाजूला सरली नाही. त्यांनाच गवतात पाय ठेवावा लागला. ती टोपली कमरेवर घेऊन उतरली, आणि चिंगलियन तिच्यामागून.